फुकटची पडताळणी आणि तिच्या अटी

मृग नक्षत्राच्या आधी महिनाभर आमच्या तालुक्याच्या गावी वकिलांच्या कचेऱ्यांत माणसांची वर्दळ वाढते. पेरणीच्या आत जमिनीचा व्यवहार उरकावा, म्हणजे पहिले पीक आपले, अशी घेणाराची घाई असते. अशाच एका दुपारी माझ्या कचेरीत दोघेजण आले. एक मध्यम वयाचे शेतकरी गृहस्थ आणि त्यांच्या सोबत त्यांच्या गावचे शाळेतले गुरुजी. गुरुजींच्या हातात मोबाईल होता आणि चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद होता.

"वकीलसाहेब," गुरुजी म्हणाले, "विहिरीलगतची दोन एकर जमीन आमच्या या तात्यांना मिळते आहे. विकणारांनी सातबारा आणून दिला. त्यावर पडताळणीचा सोळा आकडी क्रमांक आहे. तो मी सरकारच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. अक्षर न् अक्षर जुळतं. एक पैसा पडला नाही. आता विसार द्यायला हरकत नाही ना?"

मी उतारा हातात घेतला. खातेदार म्हणून दोन भावांची नावे होती. मी विचारले, "यांचे वडील कधी वारले? त्यांना मुलं किती?"

गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मुलगे हे दोन. आई आधीच वारली. आणि एक मुलगी आहे. माझ्याच वर्गात होती. लग्न होऊन पलीकडच्या तालुक्यात दिली आहे."

"तिचं नाव उताऱ्यावर कुठं आहे?"

तात्या गुरुजींकडे पाहू लागले आणि गुरुजी मोबाईलकडे.

श्रोतेहो, आज आपल्याला बोलायचे आहे ते नेमके याच प्रसंगाविषयी. उतारा खोटा नव्हता. पडताळणीही चुकीची नव्हती. तरीदेखील विसार देण्यासारखी परिस्थिती नव्हती. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर फुकट पडताळणी म्हणजे काय, ती कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हे पाहिले पाहिजे. ही गोष्ट पडताळणी करणाराने स्वतःच लिहून ठेवलेली असते. तिला वापराच्या अटी म्हणतात. पण ती कोणी वाचीत नाही. खाली 'मान्य आहे' असे लिहिलेले असते, त्यावर आपण बोट दाबतो आणि पुढे जातो.

पडताळणी म्हणजे काय?

पूर्वी दस्तऐवज खरा की खोटा हे ओळखण्याचे उपाय साधे होते. शिक्का पाहावा, शाई पाहावी, सहीचे वळण पाहावे, आणि शंका आली तर चावडीवर जाऊन मूळ नोंदवहीशी ताडून पाहावे. हा शेवटचा उपायच सर्वांत खात्रीचा. आजची पडताळणीही मुळात तेच करते. फरक इतकाच की चावडीवर जाण्याऐवजी मूळ नोंद आपल्या हातातल्या यंत्रावर दिसते.

आपल्या महाराष्ट्रात सातबारा दोन रूपांत मिळतो, हे आधी ध्यानात घ्या. महाभूलेख नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तो फुकट पाहता येतो. त्यावर स्वाक्षरी नसते, आणि हा उतारा केवळ माहितीसाठी आहे, सरकारी अथवा कायद्याच्या कामासाठी नव्हे, अशा अर्थाची सूचना असते. दुसरा असतो तो डिजिटल स्वाक्षरीचा उतारा. हा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याला पंधरा रुपये पडतात आणि त्यावर सोळा आकडी पडताळणी क्रमांक असतो. हा क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा समोर येतो आणि हातातला कागद त्याच्याशी ताडून पाहता येतो. ही ताडणी फुकट. गुरुजींनी केली ती हीच.

आता ही डिजिटल स्वाक्षरी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. गुरुजनहो, वर्गात मुलांना सांगायलाही उपयोगी पडेल. उताऱ्यातल्या प्रत्येक अक्षराचा आणि आकड्याचा हिशेब करून यंत्र एक लांबलचक संख्या काढते. तिला आपण मजकुराचा ठसा म्हणू. स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते. त्या किल्लीने हा ठसा कुलूपबंद होतो. दुसरी एक किल्ली सर्वांसाठी खुली असते. तिने कुलूप उघडता येते, पण घालता येत नाही. कोणी मध्येच ०.८० हेक्टरचे ०.९० हेक्टर केले, तर नव्या मजकुराचा ठसा आणि कुलपातला ठसा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. अशा स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने हाताच्या सहीइतकीच मान्यता दिली आहे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. हे कुलूप संगणकातल्या प्रतीला असते. तिची कागदावर छापील प्रत काढली की कागदावर उरते ते स्वाक्षरीचे नुसते चित्र, आणि चित्र कोणीही काढू शकतो. म्हणूनच कागदावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. क्रमांक टाकून पाहिल्याशिवाय छापील कागदावर भिस्त ठेवू नये. उलट, संगणकातली प्रत उघडल्यावर स्वाक्षरीपाशी पिवळे प्रश्नचिन्ह दिसले तर लगेच ती खोटी समजून घाबरूनही जाऊ नये. पुष्कळ वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की, आपल्या संगणकाला स्वाक्षरी देणाऱ्या संस्थेची ओळख अजून करून दिलेली नाही.

पिशवीवरचे सील आणि आतले बी

आता मुद्द्याची गोष्ट. शेतकरी बंधूंना ती मी सांगायला नको. बाजारातून आणलेल्या बियाण्याच्या पिशवीचे सील शाबूत आहे, याचा अर्थ काय? पिशवी बंद केल्यानंतर ती कोणी फोडलेली नाही, एवढाच. आतले बी उगवेल किती, हे सील सांगत नाही. त्यासाठी तुम्ही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता आणि किती कोंब आले ते मोजता. सील पाहणे हे एक काम आणि उगवण पाहणे हे दुसरे. पहिल्याने दुसरे भागत नाही.

कागदाचे तसेच आहे. पडताळणी सांगते की, हा कागद सरकारी दप्तरातून निघाला आणि निघाल्यानंतर त्यात कोणी खाडाखोड केली नाही. दप्तरात जे लिहिले ते पूर्ण आहे का, आजही तसेच आहे का, आणि त्याने मालकी सिद्ध होते का, हे तीन प्रश्न ती सोडवीत नाही.

यातला मालकीचा प्रश्न आधी घेऊ. सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. आपल्या भागात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या मुंबई कायद्याने सुरू झाली. आज ती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली चालते. त्या कायद्याचे कलम १५७ म्हणते की, हक्कनोंदीतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी. 'विरुद्ध पुरावा येईपर्यंत' या तीन शब्दांवर जोर द्या. नोंद ही मालकी निर्माण करीत नाही आणि मालकी नाहीशीही करीत नाही. महसूल कोणाकडून वसूल करायचा यासाठी ती असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणि त्यानंतर अनेक निकालांत ही गोष्ट स्पष्ट केली आहे.

म्हणून तात्यांच्या व्यवहारातली बहीण महत्त्वाची. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलगी ही मुलांबरोबरच वारस असते. वडिलोपार्जित मिळकतीत तर २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला आहे. वारसनोंद करताना तिचे नाव राहिले, किंवा राहू दिले, म्हणून तिचा हक्क जात नाही. तिला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र लागते. तसे पत्र या घरात झालेले नव्हते. उतारा अस्सल होता, पण अपुरा होता.

अटी काय म्हणतात?

श्रोतेहो, आता त्या न वाचलेल्या अटींकडे वळू. सरकारी संकेतस्थळे आहेत, तशी वकिलांसाठी खाजगी मंडळींनी काढलेली मोफत साधनेही आता आहेत. दस्त त्यांच्याकडे पाठवावा, म्हणजे स्वाक्षरी जुळते का, मजकुरात फेरफार झाला का, हे ते सांगतात. अशा साधनांच्या अटी बहुधा लांबलचक आणि इंग्रजीत असतात. पण त्यांचा गाभा चार-पाच कलमांत येतो. तो आपल्या बोलीत सांगतो.

पहिले कलम असते 'आहे तसे' या अर्थाचे. म्हणजे, आमचे साधन जसे आहे तसे तुम्हांला वापरायला दिले आहे. निकाल बिनचूक येईल याची हमी आम्ही देत नाही. बाजारात आपण बैल घेताना विकणारा म्हणतो ना, "बघून घ्या, मागनं तक्रार नको," त्यातलाच हा प्रकार.

दुसरे कलम केवळ माहितीसाठी. म्हणजे, आमचा निकाल हा कायद्याचा सल्ला नव्हे आणि सरकारी दाखलाही नव्हे. त्यावरून काय करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

तिसरे कलम नुकसानीचे. आमच्या निकालावर विसंबून तुमचे नुकसान झाले तर आम्ही भरून देणार नाही. जे साधन फुकट असते, त्यात हे कलम हमखास सापडेल. यात नुसती लबाडी आहे असे मात्र समजू नये. जो तुमच्याकडून एक पैसा घेत नाही, तो तुमच्या दहा लाखांच्या व्यवहाराची जोखीम कशी उचलील? जोखीम कोणी उचलायची तर ज्याने फी घेतली, जबाबदारी पत्करली आणि स्वतःच्या सहीने अहवाल दिला त्याने, म्हणजे तुमच्या वकिलाने.

चौथे कलम तुमच्या कागदाचे काय होते याविषयीचे. पाठवलेली प्रत किती दिवस ठेवतो, कोणाला दाखवतो, साधन सुधारण्यासाठी वापरतो का, हे त्यात असते. याविषयी थोडे पुढे बोलतो.

पाचवे कलम बदलाचे. आम्ही ही सोय केव्हाही बदलू अथवा बंद करू. आणि वाद झालाच तर तो कोणत्या शहरातल्या कोर्टात चालेल, तेही बहुधा इथेच लिहिलेले असते. ते शहर आपल्या तालुक्यापासून शेकडो कोस दूर असू शकते.

कोणी म्हणेल, "आम्ही सही कुठं केली? नुसतं बोट तर दाबलं." पण तसे म्हणून सुटका नाही. करार संगणकामार्फत झाला एवढ्याच कारणाने तो बाद ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०-अ मध्ये म्हटले आहे. तेव्हा बोट दाबणे ही संमती होऊ शकते.

माझी स्वतःची एक चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगताना स्वतःची चूकही सांगावी. काही वर्षांपूर्वी एका अशिलाच्या जमिनीचा शोध-अहवाल मी तयार करीत होतो. हातात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा होता. क्रमांक टाकला, उतारा जुळला. 'इतर हक्क' या रकान्यात बोजा नव्हता. मी अहवालात लिहिले, 'मिळकत बोजारहित आहे.' सही करायची तेवढी राहिली होती.

माझ्या कचेरीतला उमेदवार मुलगा म्हणाला, "साहेब, उताऱ्याची तारीख बघितलीत का?"

उतारा दोन महिन्यांपूर्वीचा होता. त्याच दिवशी नवा उतारा काढला, तर त्यात कर्जाच्या बोजाची नोंद होती. जुना उतारा खोटा नव्हता. ज्या दिवशी काढला त्या दिवशी तो खराच होता. पडताळणीने तेवढेच सांगितले आणि मी त्यातून जास्त ऐकले. त्या मुलाने विचारले नसते तर माझ्या सहीवर भरवसा ठेवून अशिलाने बोजा असलेली जमीन घेतली असती, आणि 'आहे तसे' या कलमाआड लपायला मला जागा नव्हती. साधन जबाबदारी झटकू शकते, वकिलाला ती झटकता येत नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला. उतारा किती जुना हे आधी पाहायचे, आणि खरेदीच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा ताजा उतारा काढायचा. पंधरा रुपयांत जे कळते त्यासाठी जमीन पणाला लावू नये.

अशिलाचा कागद हे अशिलाचे गुपित

आता त्या चौथ्या कलमाविषयी. वकिलाला अशिलाने सांगितलेली गोष्ट आणि दिलेला कागद ही वकिलाजवळची ठेव असते. अशिलाच्या परवानगीवाचून ती बाहेर फोडायची नाही, असे कायदाच सांगतो. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला, आणि त्याच्या कलम १३२ मध्ये हे बंधन आहे.

मग विचार करा. वकिलाने तुमचे खरेदीखत, मृत्युपत्र, आधार कार्ड, आजारपणाचा दाखला अशा फुकट साधनावर चढवला आणि त्या साधनाच्या अटीत 'प्रत आम्ही ठेवून घेऊ' असे असले, तर तुमचे गुपित कोणाच्या तरी कपाटात गेले. फुकट साधनाचा मोबदला कित्येकदा पैशात नसून माहितीत असतो. म्हणून अशिलाने वकिलाला विचारायला संकोच करू नये. "साहेब, माझा कागद कुठं पाठवताय? तो तिथं किती दिवस राहील?" एवढे दोन प्रश्न पुरे. शहाणा वकील रागावणार नाही. उलट जिथे नुसता क्रमांक टाकून काम भागते तिथे पूर्ण दस्त चढवणारच नाही. आधारची प्रत द्यावी लागली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत मिळते, ती द्यावी.

आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. संमती मागणारी सूचना सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय असावी, असे त्यात सांगितले आहे. मराठी ही त्यांतलीच एक भाषा. अटी मराठीत मागणे हा यापुढे हट्ट ठरणार नाही.

गुरुजनांसाठी थोडेसे

गावात कागद वाचून दाखवण्याचे काम अजूनही गुरुजींकडेच येते. म्हणून त्यांच्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. डिजिलॉकर ही सरकारी सोय २०१५ पासून आहे. तीत गुणपत्रिका, वाहन परवाना असे कागद ठेवता येतात. पण त्यात दोन कप्पे असतात हे मुलांना नीट समजावून सांगा. एका कप्प्यात संबंधित खात्याने स्वतः पाठवलेला कागद येतो. त्याला मूळ कागदाइतका मान आहे. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः छायाचित्र काढून ठेवलेला कागद असतो. तो तिथे ठेवला म्हणून खरा ठरत नाही. पुष्कळ मुले दुसऱ्या कप्प्यातला कागद दाखवतात आणि प्रवेशाच्या वेळी खोळंबतात.

दुसरी गोष्ट कोर्टाची. संगणकातला दस्त पुरावा म्हणून दाखल करायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या प्रमाणपत्रात मघाशी सांगितलेला मजकुराचा ठसाही लिहायचा असतो. मोबाईलवर दिसलेल्या हिरव्या खुणेचे छायाचित्र काढून ठेवले म्हणजे पुरावा झाला, अशा भ्रमात राहू नये.

मग करायचे काय?

फुकट पडताळणी टाकाऊ आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पूर्वी ज्या खात्रीसाठी शेतकऱ्याला चार खेपा घालाव्या लागत, ती घरबसल्या दोन मिनिटांत होते. खोटा कागद पुढे करणारा भामटा तिथल्या तिथे पकडला जातो. एवढे काम ती चोख करते. तिच्याकडून त्याहून जास्त मागू नये. ती पहिली पायरी आहे. तीवर उभे राहून पुढच्या पायऱ्या चढायच्या आहेत. त्या अशा:

पहिली, उताऱ्याचा क्रमांक स्वतः टाकून पाहा आणि उताऱ्याची तारीख वाचा. विकणाराने त्याच्या मोबाईलवर दाखवलेल्या निकालावर विसंबू नका.

दुसरी, फेरफाराची नोंदवही पाहा. तिला गाव नमुना सहा म्हणतात. उताऱ्यावर नाव कसे आले हे तिथे कळते. वारसनोंदीत कोणाकोणाची नावे दिली होती आणि कोणाचे राहिले, हेही तिथे कळते. एखादी नोंद अजून मंजूर व्हायची असेल किंवा तिला हरकत आली असेल, तर तीही इथेच दिसेल. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण नोंदवही तीच आहे.

तिसरी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली सूची क्रमांक दोन पाहा. जमिनीची खरेदी-विक्री, गहाण यांचे नोंदलेले दस्त तीत सापडतात. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे फी भरून ही सूची कोणालाही पाहता येते. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात, तो इथेच.

चौथी, जमिनीवर प्रत्यक्ष जा. कसतो कोण, वाट कोणाची, विहिरीत हिस्सा किती जणांचा, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. शेजाऱ्याला विचारा. कोणत्याही साधनाला न समजणारी गोष्ट शेजारी एका वाक्यात सांगून जातो.

पाचवी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि हरकती मागवा. आणि वकिलाचा अहवाल तोंडी घेऊ नका. लेखी घ्या, सहीचा घ्या.

तात्यांच्या व्यवहाराचे काय झाले?

ते सांगून हे भाषण संपवतो. विसार त्या दिवशी दिला गेला नाही. गुरुजींनी स्वतःच्या जुन्या विद्यार्थिनीला निरोप धाडला. ती नवऱ्याबरोबर आली. आपला हिस्सा आहे हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण माहेरशी वैर कशाला, म्हणून ती गप्प होती. भाऊ आधी रागावले. मी त्यांना म्हणालो, "आज बहिणीला सांगितलंत तर हा तुमच्या घरातला प्रश्न राहील. उद्या तिनं किंवा तिच्या मुलांनी दावा लावला तर तो कोर्टातला होईल, आणि त्यात हे तात्याही नाहक भरडले जातील." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण त्यांच्याच वडिलांच्या तोंडी असे म्हणतात. ती त्या दिवशी उपयोगी पडली.

वारसनोंद दुरुस्त होऊन बहिणीचे नाव लागले. त्यात मृग गेला आणि तात्यांची त्या रानातली एक पेरणी हुकली. पण खरेदीखतावर तिघांच्या सह्या झाल्या आणि पैशांचे तीन वाटे झाले. बहिणीने आपला वाटा घेतला. भाऊ तिला बसस्थानकावर पोचवायला गेले, हे मी माझ्या खिडकीतून पाहिले.

नंतर एकदा गुरुजी भेटले. म्हणाले, "साहेब, मी तेव्हा यंत्राला विचारलं, कागद खरा आहे का? त्यानं सांगितलं, खरा आहे. चूक माझी. तिचं नाव मला माहीत होतं, हजेरीपटावर मीच लिहिलं होतं. तो प्रश्न मीच विचारायला हवा होता."

श्रोतेहो, 'मान्य आहे' यावर बोट दाबण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि अटी वाचा. वाचता येत नसतील तर गुरुजींकडून वाचून घ्या. यंत्राने कुठवर जबाबदारी घेतली आहे ते कळले, म्हणजे तिथून पुढे आपण स्वतः काय पाहायचे तेही कळेल.